फवारणीच्या यंत्राआधी वस्तीची यादी

बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील एका वस्तीतून आलेले पत्र थोडे संक्षिप्त करून पुढे देत आहोत. पत्रलेखिकेच्या विनंतीनुसार त्यांचे नाव आणि वस्तीची ओळख गाळली आहे.

‘सप्रेम नमस्कार. आमची वस्ती साधारण दोनशे घरांची आहे. माझे मालक उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जातात, मी चार घरची धुणीभांडी करते. आमच्यात यंत्रमागावर जाणाऱ्या बायका आहेत, गवंडीकाम करणारे आहेत, चंदगड तालुक्यातून येऊन भाड्याने राहिलेली कुटुंबे आहेत. कोरोनाच्या वेळी वस्तीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले. मालकांचे काम आणि माझी चारही घरे एकाच आठवड्यात सुटली, फायनान्सवाल्यांचे फोन मात्र थांबले नाहीत. मागच्या गल्लीत एकटी राहणारी एक म्हातारी ताप आणि धाप लागून पडून होती, हे शेजाऱ्यांनाही तीन दिवसांनी कळले. ती वाचली नाही. तेव्हापासून कुठल्याही साथीची बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या स्त्रीशक्ती संघाकडे, म्हणजे बायकांच्या बचतगटाकडे, या वर्षी चाळीस हजार रुपये शिल्लक आहेत. मंडळाच्या मुलांचे म्हणणे आहे की त्यातून धूर फवारणीचे यंत्र घ्यावे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही. दुसरे म्हणजे, रस्त्यापलीकडच्या कॉलनीत मी कामाला जाते, तिथे लोक उघड म्हणतात की रोग तुमच्या वस्तीतल्या घाणीतून आमच्याकडे येतो. हे खरे आहे का? आम्ही आधीपासून काय करून ठेवावे?’

ताई, सप्रेम नमस्कार.

पैशाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण मंडळाची बैठक कधीही होईल: फवारणीचे यंत्र घेऊ नका. धुराने उडणारे डास काही काळापुरते मरतात, पिंपातल्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या तशाच राहतात, आणि श्वासातून पसरणाऱ्या विषाणूवर त्या धुराचा काहीही परिणाम होत नाही. २०२० च्या मार्चअखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारले गेले. त्यानंतर १८ एप्रिल रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला स्वतंत्र सूचना काढून सांगावे लागले की माणसांच्या अंगावर असे रसायन फवारू नये, त्याने डोळ्यांना आणि त्वचेला इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे महिन्यात रस्ते आणि बाजार फवारण्याच्या विरोधात मत दिले. तरीही प्रत्येक साथीत पहिली मागणी फवारणीचीच होते, कारण फवारणी सगळ्यांना दिसते आणि काहीतरी केल्याचे समाधान लगेच मिळते. मंडळातील मुलांचा हेतू चांगला आहे. त्यांना नुसते नाही म्हणू नका; त्यांच्यासाठी दुसरे आणि अधिक चिकाटीचे काम आहे, ते पुढे सांगते.

आता घाणीबद्दल. हा आरोप सव्वाशे वर्षांचा जुना आहे आणि तो तेव्हाही चुकीचा होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हा रोग तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्या बेळगाव-धारवाडच्या मुलखातही, पसरला. रोग गलिच्छ वस्त्यांच्या दूषित हवेतून आणि मातीतून येतो अशी अधिकाऱ्यांची समजूत होती, म्हणून गटारांत कार्बोलिक जंतुनाशक ओतण्यात आले, घरांना चुना फासण्यात आला आणि गरिबांची अंथरुणे-पांघरुणे जाळण्यात आली. रोग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसांत येतो, असे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. तोवर हुसकावलेले उंदीर शेजारच्या घरांत गेले आणि रोग त्यांच्याबरोबर गेला. १८९८ मध्येच स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीच्या इमारती पाडल्या, पण तिथल्या लोकांसाठी पुरेशी घरे आधी बांधली नाहीत, त्यामुळे ती कुटुंबे उरलेल्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागली. त्याच धामधुमीत १८९७ चा साथरोग कायदा झाला. त्याने सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचे, संशयितांना वेगळे ठेवण्याचे आणि हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा करण्याचे अधिकार दिले. बंद केलेल्या घरात धान्य कोणी पोहोचवायचे याबद्दल त्यात एक ओळही नाही. २०२० मध्ये तुमच्या वस्तीला बांबू बांधले गेले, त्यामागे जे कायदे होते त्यांत हा कायदाही होता.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे आकडे तर कॉलनीतल्या मंडळींनी एकदा वाचावेत असे आहेत. मुंबई शहरात त्या साथीत युरोपीय लोकांमध्ये दर हजारी सुमारे ८ माणसे गेली, सवर्ण हिंदूंमध्ये सुमारे १९, आणि ज्यांना तेव्हाच्या सरकारी नोंदी ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणत त्यांच्यात ६१ च्या वर. शहर एकच होते आणि रोगही एकच. फरक होता तो खोलीत किती माणसे झोपतात, पोटात किती जाते, आजारी पडल्यावर अंथरुणावर राहण्याची सवड मिळते की नाही, आणि उशाशी पाणी द्यायला कोणी असते की नाही, याचा. शंभर वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, मुंबईच्या माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. त्याच प्रभागांतील इमारतींमध्ये राहणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. झोपडपट्टीतल्या लोकांनी नियम कमी पाळले असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे आहे. सहा माणसांच्या एका खोलीत सहा फुटांचे अंतर कोणी आणि कसे पाळायचे? सार्वजनिक शौचालय आणि नळकोंडाळे वापरणाऱ्या माणसाला घराबाहेर न पडणे शक्यच नसते.

आणखी एक गोष्ट त्यांना शांतपणे सांगता येईल. कोरोना आपल्या देशात विमानाने आला आणि विमानाने प्रवास करणारे लोक तुमच्या वस्तीत राहत नाहीत. त्यांच्या घरची भांडी घासणारी बाई तो रोग घेऊन वस्तीत परत जाण्याची शक्यता, वस्तीतून त्यांच्या घरी रोग येण्याच्या शक्यतेपेक्षा त्या सुरुवातीच्या दिवसांत जास्त होती. तरीही काम तिचेच सुटले.

वस्तीत ज्याला घाण म्हटले जाते त्यातला मोठा भाग हा न मिळालेल्या सेवेचा असतो, आणि पाण्यावरून ते सर्वांत नीट कळते. एका वेळी हात धुवायला एक लिटर पाणी धरा. घरात पाच माणसे आणि दिवसातून आठ वेळा हात धुणे, म्हणजे ४० लिटर. नुसत्या हातांसाठी जवळपास तीन घागरी. जिथे पाणी रोज येत नाही तिथे या तीन घागरी स्वयंपाकातून किंवा धुण्यातून काढाव्या लागतात. २००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांच्या निवडक भागांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. त्या भागांबाहेर राहणाऱ्यांचे पाणी पिंपात साठवणे थांबले नाही. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथीचा रोग म्हणून अधिसूचित केले, तेव्हा पिंपे उघडी ठेवणाऱ्यांना दंड करण्याची भाषा झाली. पिंपांना झाकणे आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासणे हा फवारणीपेक्षा कितीतरी चांगला उपाय आहे. अंडी पिंपाच्या कडांना चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. मुलांसाठी पहिले काम हेच: दोनशे घरांतील प्रत्येक पिंपाला घट्ट बसणारे कापड किंवा झाकण, आणि दर रविवारी घासणे.

शौचालयाच्या बैठका, म्हणजे सीटा, मोजा. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषांनुसार सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक बैठक असायला हवी. तुमच्याकडे चालू स्थितीत किती आहेत, दार नसलेल्या किती, रात्री दिवा नसलेल्या किती, याची नोंद करून ठेवा. साथीच्या काळात सकाळची रांग हीच गर्दीची सर्वांत मोठी जागा असते. गल्लीवार वेळा ठरवून ती निम्मी करता येते, आणि म्हाताऱ्या व गरोदर बायकांना वेगळी वेळ देता येते. हे संघाच्या हातात आहे.

घरातल्या हवेबद्दल थोडेच सांगते, कारण जागा नाही तिथे फार उपाय सुचवणे बरोबर नाही. श्वासाचा रोग असेल तेव्हा दार आणि खिडकी शक्य तितका वेळ उघडी ठेवावी, आजारी माणसाची झोपण्याची जागा दाराजवळ असावी, बाकीच्यांनी डोके त्याच्या पायांच्या बाजूला करून झोपावे, आणि खोलीत त्याच्यासह सर्वांनी नाकावर नीट बसणारा मास्क लावावा. पण ज्या घरात आजारी माणसासाठी कोपराही मोकळा नाही, त्या घराला ‘घरीच विलग राहा’ असे सांगून यंत्रणेने मोकळे होता कामा नये. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण सापडला, तेव्हा सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसे राहत होती. तिथे नियमांचा धाक दाखवून रोग आटोक्यात आला नाही. गल्लोगल्ली तापाची शिबिरे झाली, वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना सोबत घेतले गेले, शाळा आणि लग्नाची सभागृहे ताब्यात घेऊन संशयितांना तिथे ठेवले गेले, आणि तिथे जेवण, पाणी व डॉक्टर मिळतात हे दिसल्यावर लोक आपण होऊन येऊ लागले. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला तो यामुळे. तुमच्या जवळची कोणती शाळा आणि कोणते मंगल कार्यालय अशा वेळी उघडले जाईल, हे साथ नसतानाच महानगरपालिकेला विचारायचे आहे.

तुमच्या पत्रात रोगापेक्षा कामाचा आणि हप्त्याचा उल्लेख आधी आला आहे, आणि तो क्रम बरोबर आहे. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून लागू झाली. रोजावर जगणाऱ्या माणसाला चार तास मिळाले. त्यानंतर मदत आली, पण ती नोंद असलेल्यांना आली. मे २०२० मध्ये कर्नाटक सरकारने धोबी, न्हावी, रिक्षा आणि टॅक्सीचालक यांना प्रत्येकी ५,००० रुपये जाहीर केले. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव असलेल्या गवंड्यांना खात्यात पैसे मिळाले, त्यांच्याच हाताखाली वीट-वाळू वाहणाऱ्या नोंद नसलेल्या बाईला मिळाले नाहीत. घरकाम करणाऱ्या बायकांची आठवण पुढच्या वर्षीच्या पॅकेजमध्ये झाली, तेव्हा असंघटित कामगारांसाठी २,००० रुपये होते आणि त्यासाठी सेवा सिंधू या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करायचा होता. मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल तर तिथेच अडकायला होत असे.

म्हणून संघाने या वर्षी कागदांचे काम हाती घ्यावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचे कल्याण मंडळाचे लेबर कार्ड काढा आणि असलेले नूतनीकरण करून ठेवा. घरकाम, यंत्रमाग, फाउंड्री, हमाली करणाऱ्यांची ऑगस्ट २०२१ पासून सुरू असलेल्या केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद करा. रस्त्यावर भाजी किंवा फुले विकणाऱ्या बायकांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालचे ओळखपत्र मिळवून द्या. जून २०२० मध्ये सुरू झालेले १०,००० रुपयांचे स्वनिधी कर्ज त्याच्या किंवा पालिकेच्या शिफारशीच्या आधारे मिळत होते. बँक खाते, आधार आणि चालू मोबाइल नंबर हे तिन्ही जुळतात की नाही हे एकेका घरी बसून पाहा. शिकलेल्या मुलांना द्यायचे काम मी म्हटले ते हे. यंत्र चालवण्यापेक्षा यात धीर जास्त लागतो, पण एका मुलाने दहा घरे घेतली तर वीस मुलांत तुमची पूर्ण वस्ती होते.

महाराष्ट्रातल्या चंदगडहून आलेल्या कुटुंबांचा प्रश्न आपल्या सीमाभागाचा खास आहे. चंदगडचा माणूस बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावात येतो, अथणी-चिकोडीचा रुग्ण मिरजेला जातो. रोजच्या जगण्यात ही हद्द कोणाला जाणवत नाही. साथ आली की ती अचानक उभी राहते. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना चाचणीचा दाखला सक्तीचा झाला तेव्हा निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर हे सर्वांनी अनुभवले. महाराष्ट्राचे, अन्नसुरक्षा योजनेत बसणारे रेशन कार्ड असलेल्या कुटुंबांना कर्नाटकातल्या रेशन दुकानात अंगठा देऊन केंद्राचे धान्य घेता येते. ही दोन्ही राज्ये जानेवारी २०२० पासूनच या व्यवस्थेत आहेत. कर्नाटक सरकारचे वाढीव धान्य त्या कार्डावर मिळत नाही, पण माणशी ५ किलोचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. साथीच्या गडबडीत दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा याच महिन्यात प्रत्येक कुटुंबाने एकदा इथे धान्य उचलून पाहावे, म्हणजे अंगठा जुळत नाही किंवा कुटुंबातले एखादे नाव गळले आहे हे आताच कळेल.

भाड्याबद्दल फार आशा दाखवता येत नाही. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये असा आदेश काढला होता, पण ज्यांच्याकडे भाडेकरार नाही आणि पावतीही नाही त्यांना तो दाखवूनही उपयोग होत नसे. निदान भाड्याची नोंद वहीत करून घरमालकाची सही घेण्याची सवय लावा.

हप्त्यांवर मात्र सविस्तर बोलायला हवे. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. ती माफी नव्हती. त्या काळाचे व्याज चढतच होते, आणि मुभा द्यायची की नाही हे कर्ज देणाऱ्या संस्थेवर सोपवलेले होते. वस्त्यांमधल्या कित्येक बायकांपर्यंत ही माहिती पोहोचलीच नाही आणि त्यांनी मंगळसूत्र गहाण टाकून हप्ते भरले. गटकर्जात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊजणींनी तिच्या दारात जाऊन बसायचे, हा प्रकार साथीच्या काळात शेजारधर्म मोडून टाकतो, आणि शेजारीण दुरावली की ताप आलेला कोणी सांगत नाही. २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने सूक्ष्म कर्जाच्या वसुलीतील जबरदस्तीविरुद्ध कायदा केला आहे. संघाच्या पुढच्या बैठकीत असा ठराव लिहून ठेवा की सरकारने साथ जाहीर केल्यावर वस्ती बंद असेल त्या काळात संघाच्या अंतर्गत कर्जाचा हप्ता आपोआप थांबेल आणि त्या काळाचे व्याज घेतले जाणार नाही. बाहेरच्या संस्थांची कर्जे कोणाकोणावर आहेत आणि किती आहेत याची माहिती अध्यक्ष आणि सचिव यांच्याकडे असू द्या, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज सर्वांच्या वतीने एकत्र करता येईल.

तुमच्या मागच्या गल्लीतल्या आजींबद्दल लिहिलेले वाक्य वाचून मन फार जड झाले. तीन दिवस कळले नाही यात कोणा एका शेजारणीचा दोष नाही. त्या दिवसांत दार ठोठावायलाही माणसे घाबरत होती. पण पुढच्या वेळी दार ठोठावण्याचे काम कोणाचे आहे हे आधी ठरलेले असेल तर भीती असूनही ते होते. यासाठी यादी हवी. एका वहीत प्रत्येक घराची एक ओळ: एकटी राहणारी किंवा चालता न येणारी माणसे, गरोदर आणि बाळंतीण बायका, क्षयाची गोळी चालू असलेले, डायलिसिसला जाणारे, मधुमेह, रक्तदाब, दमा आणि फिट यांची औषधे घेणारे, ज्यांचे रेशन कार्ड नाही ते. प्रत्येक नावासमोर दोन शेजारणींची नावे, ज्या रोज सकाळी एकदा दाराबाहेरून हाक मारतील. क्षयाचे रुग्ण मी मुद्दाम घातले. २०२० मध्ये देशात क्षयाच्या नव्या रुग्णांची नोंद आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने घटली; रोग कमी झाला नव्हता, दवाखान्यापर्यंत माणसे पोहोचली नव्हती. बंद खोलीत क्षयाचा खोकला घेऊन दोन महिने राहिलेल्या माणसाने घरातल्या कितीजणांना तो दिला असेल याचा हिशेब कोणत्याच बातमीत आला नाही.

ही वही मंडळाच्या फलकावर लावायची नाही, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. ती वस्तीच्या आशाताई (आरोग्यसेविका) आणि संघाच्या दोन विश्वासू बायका यांच्याकडेच राहावी. २०२० च्या सुरुवातीला कोणाचे घर, कोणाची गल्ली, कोणाचा धर्म अशी नावे घेऊन बोटे दाखवली गेली. त्याचा परिणाम असा झाला की लोक ताप लपवू लागले, आणि लपवलेला ताप सगळ्या वस्तीला भोवतो. तुमच्या वस्तीत मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी घरे असतील तर सूचना तिन्ही भाषांत हव्यात. आपल्याकडे सरकारी पत्रके बहुतेक कानडीत येतात, आणि मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला ती वाचता येत नाहीत. प्रशासनाकडे भाषांतर मागण्याचा हक्क बजावाच, पण ते येईपर्यंत थांबू नका. संघातल्या कानडी येणाऱ्या मुलीने पत्रक वाचून मराठीत आणि उर्दूत ध्वनिमुद्रण करावे आणि ते घरोघरी फिरवावे.

चाळीस हजारांचे मी असे करीन. सात-आठ हजारांत दोन ऑक्सिमीटर, चार थर्मामीटर, पॅरासिटामॉल, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि चांगले मास्क घ्या आणि ते आशाताईंच्या सल्ल्याने वापरा. ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी आकडा आला तर १०८ ला फोन करायचा. सावळ्या त्वचेवर हे उपकरण कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते, म्हणून आकडा चांगला असला तरी धाप लागलेल्या माणसाला थांबवून ठेवू नका. पाच हजार कागदांच्या झेरॉक्स, अर्ज आणि ऑनलाइन केंद्राच्या खर्चाला. उरलेले सत्तावीस-अठ्ठावीस हजार बँकेत वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते फक्त तीन कामांना उघडेल असा ठराव करा: यादीतल्या घराला धान्य, आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याचे भाडे, आणि डायलिसिस किंवा बाळंतपणासाठीचा प्रवास. ही रक्कम दोनशे घरांना पुरणार नाही. ती सरकारी मदत पोहोचेपर्यंतच्या पहिल्या दहा-बारा दिवसांसाठी आहे, आणि २०२० मध्ये सर्वाधिक हाल त्याच दिवसांत झाले होते. मारहाणीच्या तक्रारीसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. बंद दारामागे काय होते हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

कॉलनीतल्या चार घरांशी तुम्ही एकट्याने बोलू नका. तिथे काम करणाऱ्या सगळ्याजणी मिळून बोला, आणि साथ नसताना बोला. मागणी एवढीच ठेवा की साथीमुळे येऊ नका असे सांगितले तर त्या महिन्याचा पगार मिळेल आणि साथ ओसरल्यावर काम परत मिळेल. काही घरे हो म्हणतील. २०२० मध्येही कामाला न येणाऱ्या बाईचा पगार महिनोन्‌महिने देणारी घरे बेळगावात होती, त्यांची उदाहरणे बाकीच्यांना द्या.

शेवटचे काम अर्जाचे. वस्ती १९७३ च्या कर्नाटक झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे का आणि किती घरांना हक्कपत्र मिळाले आहे, हे झोपडपट्टी विकास मंडळाच्या कार्यालयात विचारा. घोषित नसेल तर नळ, शौचालय आणि दिवे या तिन्हींची मागणी दरवेळी कच्ची पडते. दुसरा अर्ज महानगरपालिकेला द्या: शौचालयाच्या चालू बैठकींची मोजणी, पाणी किती दिवसांनी येते त्याची दोन महिन्यांची नोंद, आणि साथीत विलगीकरणासाठी कोणती शाळा वा मंगल कार्यालय ठरवले आहे हा प्रश्न. त्यावर संघाच्या निम्म्या तरी बायकांच्या सह्या असाव्यात, नगरसेवकाला एक प्रत द्यावी आणि कार्यालयातून पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. महिन्याभरात उत्तर आले नाही तर त्याच पोहोचेची झेरॉक्स जोडून १० रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.